भिंगरी सोळा केबी कुठं गेली?

१

"बापाला विचार तुझ्या! सोळा फुटाचा डबा काय खिशात घालून नेला का त्यानं?"

"मंग घ्या की झडती, आप्पा! अब्बा खिसे उलटे करून दावतील. सोळा फूट मावंल असला खिसा निघाला तर मला बी तसलाच शिवून घ्यायचाय."

आप्पासाहेबांच्या हातातला पाण्याचा गिलास तसाच अधांतरी राहिला. त्यांच्या ऑफिसात त्यांच्यापेक्षा मोठ्यानं कोणी बोलत नसे. आलिया बोलली. सतरा वर्षांची पोरगी, कोपरापर्यंत रंगाचे डाग, दारात पाय रोवून उभी.

मिरजगावच्या हायवेला आप्पासाहेबांचं वर्कशॉप. आधी उसाच्या ट्रॉल्या बनवायचे. आता चार वर्षं झाली, जीपच्या मागं जोडून फिरायला न्यायच्या खोल्या बनवतात. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सगळं. कागदावर त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. वर्कशॉपात सगळे डबाच म्हणतात. डबे बांधतो अजीज मिस्त्री, आणि त्यावर नावाचं रेडियम कापून चिकटवते त्याची पोरगी, ही आलिया. गेल्या साली दहावीच्या वर्गात सरांनी सगळ्यांदेखत तिची वही फाडली. तिनं सरांचं हजेरीबुक फाडलं, आणि घरी आली ती परत गेलीच नाही.

आज सोमवार. देवळाली प्रवराहून डॉक्टर अमृतराव पहाटेच निघून आले होते. जनावरांचे डॉक्टर, औंदा रिटायर झालेले. जीपला हूक नवा बसवून घेतलेला. 'भिंगरी सोळा केबी' न्यायला आले होते, आणि यार्डात भिंगरी सोळा केबी नव्हती.

"आरडून काय होणार आहे?" रविराज म्हणाला. हा आप्पासाहेबांचा पुतण्या. विक्री, जाहिरात, गिऱ्हाइकं सगळं तोच बघायचा. शर्टाला कायम कडक इस्त्री. "सरळ हिशोब आहे. शनिवारी आपण सगळे श्रीगोंद्याला दशक्रियेला गेलो होतो. छगनमामा पण आमच्याबरोबर. यार्डात एकटे अजीजचाचा. फाटकाची किल्ली, हुकाच्या कुलपाची किल्ली, सगळं त्यांच्याकडं. काल सुट्टी. आज डबा नाही."

अजीज भिंतीला टेकून उभा होता. सकाळपासून कोणी त्याला बस म्हटलं नव्हतं.

"अजीज," आप्पासाहेबांनी गिलास ठेवला. "शनिवारी तू यार्ड सोडून गेल्ता का?"

अजीजनं खाली बघितलं. "गेल्तो."

"किती येळ?"

"दीड तास. कुलूप लावून."

"कुठं?"

अजीज गप्प.

"अरे कुठं गेल्ता?"

अजीजनं मान फिरवली. आलियाला वाटलं, बापाला धरून गदागदा हलवावं.

आप्पासाहेब उठले. "चार वाजेस्तोवर थांबतो. डबा न्हाईतर डब्याचा पत्ता. पंधरा वर्षं हाय तू माझ्याकडं म्हणून. चारला मी ठाण्यात जानार, आणि चोर म्हणून तुझंच नाव देनार."

घड्याळात साडेअकरा झाले होते.

२

"डबा कुठं हुता उभा?" आलियानं यार्डात येऊन विचारलं.

रविराजनं कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीकडं बोट केलं. "तिथं. टाकीच्या पुढं. अजून काही?"

"न्हाई. जा तुमी, रविदादा. इस्त्री मोडंल."

तो गेला. ती टाकीपाशी जाऊन उकिडवी बसली. यंदा पाऊस बरा झाला होता, यार्डात हराळी पोटरीएवढी माजली होती. टाकीच्या पुढं तर नुसता हिरवा गालिचा. तिनं हातानं गवत बाजूला केलं. खाली पण हिरवंच.

तिथून उठून ती दुसऱ्या डब्याखाली वाकली. दोन महिने एका जागी उभा असलेला डबा. त्याच्या पोटाखालचं गवत पिवळंफटक, पार पांढरं पडलेलं. तिसऱ्या डब्याखाली तेच. चौथ्याखाली तेच.

तिच्या कपाळाची शीर उडायला लागली. तशी ती नेहमीच उडायची, पण यावेळी रागानं नाही.

फाटकावर छगन खुर्ची टाकून तंबाखू मळत होता. वॉचमन. आधी वीस वर्षं शुगर फॅक्टरीच्या गेटला होता. इथंही तोच थाट. गळ्यात दोरीनं पेन, खुंटीला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर सगळ्या डब्यांची नावं, आणि पुढं दोन रकाने. सकाळ आणि संध्याकाळ.

"छगनमामा, सोळा केबी तुमी डोळ्यानं पाह्यला हुता ना?"

"म्हंजे? मी काय आंधळा हाय? बघ की, टिका हायेत."

तिनं पुठ्ठा काढून घेतला. सहा नावं. टिटवी बावीस. टिटवी वीस. भिंगरी अठरा. भिंगरी चौदा. भिंगरी तेरा बीके. भिंगरी सोळा केबी. यातली तेरा बीके शुक्रवारी सकाळी रविराजनं स्वतः जीप लावून राजूरला पोचवली होती. डोंगरात राहुट्या टाकून पाहुणे ठेवणाऱ्या मोनिकाताईंनी घेतली होती ती. म्हणजे उरले पाच. आणि यार्डात चार.

"शुक्रवारी संध्याकाळी टीक न्हाई एक पण."

"मी कुठं हुतो? रवीनं नेलं ना मला संगं राजूरला. डबा सोडवायला मानूस पायजे म्हनला. यायला दहा वाजले. शनिवारी दशक्रिया. काल सुट्टी."

"म्हंजी गुरुवारनंतर कुणीच पाह्यला न्हाई."

छगननं तंबाखू दाढेखाली सारली. "त्येच तर म्हनत्यात सगळे. शनिवारी तुजा बाप एकला हुता. मला बी वंगाळ वाटतंय गं. पन टीक ती टीक."

आलिया पुठ्ठा परत देणार एवढ्यात तिचा हात थांबला. तिनं एकदा वरून खाली बोट फिरवलं. मग परत फिरवलं.

"मामा, सगळ्यांच्या टिका सकाळच्या रकान्यात. ह्या सोळा केबीच्या तेवढ्या संध्याकाळच्या. सगळ्याच्या सगळ्या. असं का?"

"मंग? सकाळी खुर्चीवरनं जेवढी नावं दिसत्यात तेवढ्यांवर टीक. ऱ्हायलेली संध्याकाळी. मोटार बंद करायला भिंतीकडनं जातो तवा दिसत्यात."

"आणि डबे मोजता कवा?"

छगन तिच्याकडं बघून हसला. "मोजायचे कशाला? फॅक्टरीला सहाशे ट्रॉल्या येत हुत्या दिसाला. मोजत बसलो आसतो तर डोळे गेले आसते. नंबर दिसला की टीक. नावं हायेत की डब्याला!"

आलियानं पुठ्ठा खुंटीला परत लावला. तिला एकदम ऑगस्टमधली एक गोष्ट आठवली होती. सोळा केबीचं रेडियम तिनंच कापलं होतं. आणि रविराज म्हणाला होता, एकच काप, चिकटवायचं मी बघतो.

डब्याला बाजू असतात दोन.

३

अजीज रंगाच्या शेडमागं भाकरी सोडून बसला होता. खात नव्हता.

"अब्बा, मला शिकवा," आलिया समोर बसली. "आपल्या नावांची रीत. सगळी. मी नुसती कापते, वाचत न्हाई कधी."

अजीजनं चमकून पाहिलं. एवढ्या वर्षांत 'मला शिकवा' हे या पोरीच्या तोंडून पहिल्यांदा निघालं असेल.

"सोपं हाय," तो म्हणाला. "एका एक्सलचा, म्हंजी दोन चाकांचा डबा, भिंगरी. दोन एक्सलचा, टिटवी. मंग आकडा. किती फूट लांब ते. मंग अक्षरं. के म्हंजी किचन, बी म्हंजी बेड."

"फूट कुठनं कुठं?"

"हुकापासनं मागच्या लाइटीपर्यंत. जीपला जोडायची दांडी धरून. घाटात वळताना दांडी काय घरी ठेवून येतंय का मानूस? सगळी लांबी वळायची असती. आणि अक्षरं बी तशीच. हुकाकडनं सुरू करायचं. आधी किचन आणि त्याच्या मागं बेड, तर केबी. जीपमधी बसल्यावर मागं आरशात जसं येतं, त्याच ओळीनं."

"मंग तेरा बीके?"

अजीजचा चेहरा आंबट झाला. "ती रवीची रीत. उन्हाळ्यात पुण्याला कसलं प्रदर्शन बघून आला. म्हनला, गिऱ्हाईक काय दांडीवर झोपतंय का? दांडी मोजायची न्हाई. नुसती खोली मोजायची. आणि अक्षरं मागच्या भिंतीकडनं. फोटो मागनं चांगला येतो म्हनं. मी म्हनलं, बाबा, कुठली बी एकच रीत ठेव. अर्धे डबे हुकाकडनं मोजायचे, अर्धे शेपटाकडनं, उद्या घोळ हुईल. तो म्हनला, चाचा, तुमी वेल्डिंग करा. तवापासनं एखादा डबा तो नगरलाच बांधून घेतो, कुठल्याला कुठलं नाव ते त्यालाच ठाऊक."

"दांडी किती फुटाची असती?"

"भिंगरीला? तीन."

आलिया उठून उभी राहिली. परत बसली. मग बापाच्या डोळ्यात बघून म्हणाली, "शनिवारी कुठं गेल्ता?"

अजीजनं भाकरी गुंडाळायला घेतली.

"अब्बा!"

"तुला सांगन्यासारखं न्हाई."

तिनं पाय आपटला आणि तरातरा फाटकातून बाहेर पडली. हायवेच्या पलीकडं मुक्ताबाईचं भजी-चहाचं हॉटेल होतं. त्या हॉटेलच्या बाकावरून वर्कशॉपचं फाटक आरपार दिसतं, आणि मुक्ताबाईच्या नजरेतून मिरजगावातली मांजर सुटत नाही.

"शनिवारी?" मुक्ताबाई झाऱ्या झटकत म्हणाली. "तुजा बाप साडेधाला निघाला. कुलूप दोनदा वढून पाह्यलं. बाराला आला. मधी कुनी काळं कुत्रं आलं न्हाई फाटकाशी. जीप न्हाई, ट्रॅक्टर न्हाई. मी हितंच हुते, भज्याचा घाना चालू हुता."

"मावशी, हे आप्पासमोर सांगशील?"

"सांगते की. पन त्यो म्हननार, भजी तळता तळता तुजं लक्ष कुठं हुतं." मुक्ताबाईनं आवाज खाली आणला. "आणि तुजा बाप कुठं गेल्ता ते सांगू का? हायस्कुलात. हातात पिशवी, पिशवीत तुजा शाळा सोडल्याचा दाखला. जाताना मलाच इचारलं, सतरा नंबरचा फॉरम क्लार्ककडं मिळतो का हेडमास्तरकडं."

आलियाचे कान तापले. सतरा नंबरचा फॉर्म. शाळा सुटलेल्यांनी बाहेरून दहावीला बसायचा.

ती आली तशीच परत गेली. शेडमागं बाप अजून तिथंच होता.

"माझ्या नावानं फॉर्म भरला? मला न इचारता?"

"तारीख संपत हुती."

"मी फाडला आसता!"

"म्हनूनच न्हाई सांगितलं."

"आणि आप्पाला का न्हाई सांगत मंग? चोर म्हणून आत जायची तयारी, पण शाळेत गेल्तो म्हणायची लाज?"

अजीजनं पहिल्यांदा मान वर केली. "लाज न्हाई. सांगून उपेग काय? यार्ड तर उघडं पडलंच ना दीड तास. मी मशिदीत असलो काय, शाळेत असलो काय. डबा गेला तर माझ्याच पाळीत गेला. त्यात तुझं नाव कशाला चारचौघांत घोळवायचं?"

आलियाला जास्तच राग आला. बाप बरोबर बोलत होता. तो कुठं होता याला किंमत नव्हती. डबा कुठं होता, यालाच होती.

"फॉर्मचं नंतर बघते तुमच्याशी," ती म्हणाली. "लई भांडायचंय. आधी ह्यो टेप द्या."

४

डॉक्टर अमृतराव जीपच्या सावलीत शेंगा सोलत बसले होते. सकाळपासून एकदाही त्यांनी आवाज चढवला नव्हता. गायीच्या पोटात हात घालून आयुष्य काढलेला माणूस, त्याला घाई नसते.

"डाक्टर, तुमाला डबा कुणी दाखवला?"

"रविराजनं. मोबाईलवर. गेल्या महिन्यात फोटो पाठवला होता. 'तुमची गाडी तयार आहे, फक्त दिवाळीच्या पंधरा दिवस आधी न्या,' म्हणाला. पण आमच्या मंडळी, रतनबाई, म्हणाल्या, दिवाळीला सगळं जग फिरतं, आपण आधीच जाऊन येऊ. तीस वर्षं मी तिला 'पुढच्या साली' म्हणत आलो बघ. म्हणून न कळवताच आलो."

"न कळवता?"

"हो. का?"

"काय न्हाई. फोटो दावता?"

त्यांनी दाखवला. आलियानं दोन बोटांनी मोठा केला. पांढरा डबा, बाजूवर तिनंच कापलेली निळी अक्षरं, भिंगरी सोळा केबी. डब्याच्या मागं फाटकाकडचा वाकडा लाइटीचा खांब. खांब बरोबर डब्याच्या छताच्या मधोमध उगवल्यासारखा. म्हणजे फोटो भिंतीकडून काढलेला.

"डाक्टर, जरा मोबाईल घेऊन या माझ्यासंगं."

ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आधी रविराजनं दाखवलेल्या जागेसमोर. तिथून खांब पार डावीकडं गेला आणि मधे टाकी आडवी आली. फोटोत टाकीचा मागमूस नव्हता. मग ती भिंतीकडेनं एक एक पाऊल सरकत गेली. डॉक्टर फोटो धरून तिच्या बरोबर सरकत होते. शेंगा खिशात गेल्या होत्या.

"थांब," डॉक्टर म्हणाले. "आता जुळला खांब."

दोघांनी समोर पाहिलं. समोरची जागा रिकामी होती. हिरव्या हराळीत एक लांबट चौकोन, पिवळाफटक.

"इथंच होता माझा डबा!" डॉक्टर म्हणाले.

"इथं तेरा बीके उभी हुती," आलिया म्हणाली. "शुक्रवारी राजूरला गेली ती. रोज मी तिच्या फाटकाकडच्या अंगानं जेवायला जाते, मला म्हाईत हाय."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

तिनं टेप पिवळ्या चौकोनाच्या एका टोकाला ठेवला. "धरा हे टोक."

पिवळं गवत तेरा फुटांवर संपलं. पण ती थांबली नाही. टेप तसाच ओढत पुढं गेली. हिरव्या गवतात एके ठिकाणी जमीन खोल दबली होती, वाटीएवढा खड्डा. दांडीखालच्या जॅकच्या चाकाचा. त्याच्याच वर हूक येतो.

"वाचा आकडा, डाक्टर."

डॉक्टर वाकले. "सोळा," ते म्हणाले.

५

पावणेचारला सगळे यार्डात होते. आप्पासाहेब ठाण्यात जायचे म्हणून टोपी घालून आले होते. मुक्ताबाई भजी सोडून फाटकात उभी.

"सोळा केबी चोरीला गेलीच न्हाई," आलिया म्हणाली. "कारण ती बनलीच न्हाई कवा."

"झालं!" रविराज हसला. "काका, हिच्यासाठी थांबलो आपण?"

"थांबलाय तर आइका. हुकाकडनं मोजलं की सोळा. दांडी सोडून मोजलं की तेरा. हुकाकडनं वाचलं की आधी किचन, मंग बेड, केबी. शेपटाकडनं वाचलं की बीके. एकच डबा हाय तो, आप्पा. एका अंगाला तेराचं नाव, दुसऱ्या अंगाला सोळाचं. जुन्या पत्रकात सोळा केबी हुतीच, नव्यात तेरा बीके आली. कागदावर दोन मॉडेल. यार्डात एक."

"छगननं रोज टीक केलीय!" आप्पासाहेब म्हणाले.

"नावाला केलीय. डब्याला न्हाई. फाटकाकडच्या अंगाला तेरा दिसली, सकाळी टीक. भिंतीकडनं जाताना सोळा दिसली, संध्याकाळी टीक. मामा, खोटं बोलत आसंन तर सांगा."

छगननं पुठ्ठा डोळ्यासमोर धरला. त्याचे ओठ हलले. मग तो हळूच म्हणाला, "आयला."

"दोन्ही एकाच जागी आगंमागं उभे होते," रविराज घाईनं म्हणाला. "मीच गुरुवारी दुपारी टाकीपाशी हलवला सोळा."

"हलवला? सकाळी तर म्हनला, तिथंच हुता. आणि तिथलं गवत बघा. माणूस तिथं पाच मिनिटं बसला तरी दबंल. दोन डबे गेले आसते तर पिवळे चौकोन दोन पायजेत. एकच हाय. मोजून बघा, तेरा आणि तीन."

"पावसानं गवत परत येतं."

"तीन दिवसांत? मंग आमच्या शेजाऱ्याच्या टकलाला बी लावा ते पानी." मुक्ताबाई खुदकन हसली. आलिया हसली नाही. "रविदादा, ऑगस्टात तुमी मला सोळा केबीचं रेडियम कापायला लावलं. किती कापलं मी?"

"आठवत नाही."

"एक. डब्याला दोन लागत्यात. मी इचारलं बी, दुसरं? तुमी म्हनला, राहू दे. फोटोपुरतं एकच अंग बास हुतं तुमाला."

"दुसरं मी नगरला कापून घेतलं! काका, ही पोरगी बापाला वाचवायला काहीही बडबडते आहे. शाळेतून हाकललेली—"

"हाकलली न्हाई. सोडली," आलिया म्हणाली. "मामा, राजूरला डबा सोडवला तवा दोन्ही अंगाला नावं हुती का वो?"

छगन विचारात पडला. "एकाच अंगाला. दुसरीकडं नुसतं पांढरं. मी म्हनलो बी रवीला, तर म्हनला, रेडियम संपलं."

आलियानं मोबाईल काढला, नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

"मोनिकाताई, मी मिरजगाववरनं आलिया. तुमच्या डब्याच्या ज्या अंगाला नाव न्हाई, तिकडं जाता का जरा? त्यावर मूठभर माती उडवा."

"माती?" पलीकडून आवाज आला. "बाई, आत्ताच तर पुसून घेतलाय."

"परत पुसून देईन मी. राजूरला येऊन देईन. उडवा."

पलीकडं चपलांचा आवाज आला. कुत्रं भुंकलं. यार्डात कोणी हलत नव्हतं. रेडियम ओढून काढलं तरी त्याचा डिंक पत्र्यावर राहतो, आणि डिंकावर धूळ बसते. हे फक्त रेडियम कापणाऱ्याला ठाऊक असतं.

"अगं," मोनिकाताई म्हणाली, "हे काय? अक्षरं उमटली की! पुसट आहेत... एक... सहा... मग के... बी. हे काय आहे?"

आप्पासाहेबांनी टोपी काढली.

"रव्या," ते म्हणाले. एवढंच.

रविराजच्या शर्टाची इस्त्री बगलेत भिजली होती. "काका, मी चोरी नाही केली. दोन्ही गिऱ्हाइकं एकदम आली. एकाला नाही म्हटलं असतं तर तो पुण्याला गेला असता. दुसरा डबा बनवणारच होतो. एक्सल आले नाहीत. अजून महिनाभर मिळाला असता तर... डॉक्टर न सांगता आले."

"आणि अब्बा?" आलिया पुढं सरकली. "अब्बाचं नाव घ्यायला तुमाला किती वेळ लागला? मी सांगते. डाक्टरांची जीप फाटकातनं आत येऊन थांबली, तेवढाच."

६

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. मालकाचा आवाज परत आला.

"डॉक्टर, माफी असावी. काय झालं, नावात जरा घोळ झाला. दोन रीती एकत्र आल्या की असं होतं. घरातलीच गोष्ट हाय—"

"नावात घोळ न्हाई," आलिया म्हणाली. "तेरा बी बरोबर हाय आणि सोळा बी बरोबर हाय. डब्याचं काय चुकलं न्हाई. मानूस खोटा बोलला."

"आलिया, आता बास."

"का बास? सकाळी 'सोळा फुटाचा डबा खिशात' म्हणताना बास झालं न्हाई ते!"

डॉक्टरांनी खिशातून एक शेंग काढली आणि फोडली. "मुलगी बरोबर बोलते आहे, आप्पासाहेब. मला डबा उशिरा मिळाला तर चालेल. मी बायकोला अजून एकदा 'पुढच्या महिन्यात' म्हणेन, ती मला दोन दिवस जेवायला वाढणार नाही, संपलं. पण हा माणूस सकाळपासून उभा आहे."

सगळ्यांनी अजीजकडं पाहिलं.

आप्पासाहेब त्याच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला. "अजीज, चल. मी रव्याचं बघतो. झालं गेलं सोडून दे. उद्यापास्नं डॉक्टरांच्या डब्याला हात घाल. एक्सल मी स्वतः आणतो. मुक्ताबाई, सगळ्यांना चहा सांग."

आलियानं तोंड उघडलं. तिच्याकडं शिव्यांचा मोठा साठा होता आणि एकही वापरून झाली नव्हती.

पण अजीजनं हात वर केला, तिला थांबवायला. मग त्यानं तोच हात आपल्या खांद्याकडं नेला आणि आप्पासाहेबांचा हात तिथून उचलून बाजूला केला. अगदी हळू, पत्र्याची धारदार कड उचलावी तसा.

"आप्पा, सकाळी हापिसात मी चोर हुतो," तो म्हणाला. "तवा हे समदे हुते. रवी हुता, छगन हुता, डाक्टर हुते, माझी पोरगी हुती. आत्ता बी समदे हायेत."

"अरे, बोलन्याच्या भरात—"

"तेच म्हना मंग. बोलन्याच्या भरात चुकलो म्हना. पन तवा म्हनला तेवढ्याच मोठ्यानं म्हना."

हायवेवरून एक कंटेनर धडधडत गेला. आप्पासाहेबांनी छगनकडं पाहिलं, मग डॉक्टरांकडं, मग हातातल्या टोपीकडं. त्यांचे ओठ उघडले. शब्द आला नाही.

अजीज थांबला.  आलियानं मनात वीसपर्यंत आकडे मोजले, तरी थांबलेला.

"चहा तरी घेऊन जा," शेवटी आप्पासाहेब म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या," अजीजनं चपला घातल्या. "तुमी जुळवा शब्द, सावकाश. जुळले की सांगा, तवा डब्याला हात घालीन. मला आता निघायला पायजे."